टेकायची जागा

१

माझी खोली म्हणजे बालवाडीचा वर्ग होता. साथ आली, शाळा बंद पडल्या, तेव्हा हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून असलेली ही शाळा नर्सेसना राहायला मागून घेतली गेली. नर्सेसना म्हणजे मला एकटीला. बाकीच्या सगळ्या इलोइलो शहरातल्याच, ड्युटी संपली की आपापल्या घरी जायच्या. मी समुद्रापलीकडची, गिमारास बेटावरची. बेट इतकं जवळ की धक्क्यावर उभं राहिलं तर तिथल्या टेकड्या दिसतात. पण होड्या मार्चपासून बंद होत्या. पलीकडे माझी आई आणि माझी सहा वर्षांची निनिंग, अलीकडे मी.

त्याआधी मी बाजारामागे एका बाईंकडे भाड्याने राहत होते. मी साथीच्या वॉर्डात काम करते हे कळल्यावर त्यांनी माझी बॅग फाटकाबाहेर ठेवली आणि वरून ब्लीचचं पाणी ओतलं. बॅगेवर ओतलं, माझ्यावर नाही, याचंच मला त्या दिवशी बरं वाटलं. आतल्या युनिफॉर्मवरचे पांढरे डाग अजून गेलेले नाहीत.

तर बालवाडी. भिंतीवर मुळाक्षरं, फळ्याखाली रंगवलेली माकडं आणि एक म्हैस. हॉस्पिटलने दिलेली लोखंडी खाट मी फळ्याला लावून टाकली होती. कोपऱ्यात पोरांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, एकात एक घालून खिडकीपर्यंत रचलेल्या. दुपारी ड्युटी सुटली की कढत पाण्याने आंघोळ, मग भात, एखादा सुका मासा, आणि निनिंगला फोन.

"ममा, होडी सुटली?"

"नाही गं. उद्या बघू."

"तू रोज उद्याच म्हणतेस."

"बरं, मग परवा बघू."

ती हसायची. मी फोन ठेवून भात खायचे. मी कुणाकडे तक्रार करत नव्हते, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

२

वॉर्डात माझ्याशी कोणी बोलत नसे. त्याचं कारण शेवया.

वाढदिवसाला शेवया खायच्या, म्हणजे आयुष्य शेवयांसारखं लांब होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ड्युटीवर शेवया खायच्या नाहीत, पेशंटांची रांग शेवयांसारखी लांबत जाते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला ठाऊक असतं. मला दोन्ही ठाऊक होतं. पण एप्रिलमध्ये मी तिशीची झाले, घर नव्हतं, माणूस नव्हतं, आणि मला वाटलं, परातभर शेवया कराव्यात, प्रत्येकीला डब्यात भरून द्याव्यात, घरी नेऊन खातील. मी निघताना द्यायला म्हणून डबे जेवायच्या खोलीत ठेवले. रोवेनाला भूक लागली होती. तिने एक उघडला, आणि एक उघडल्यावर बाकीचे कशाला मिटलेले राहतात!

त्या संध्याकाळी रुग्णवाहिकांची रांग फाटकाबाहेर पार गोल चौकापर्यंत गेली. एवढे पेशंट आम्ही कधी पाहिले नव्हते. त्यातले बरेच त्या आठवड्यात गेले. सगळ्या शहरातच गेले, पण ते कोण लक्षात घेतो. शेवया मी आणल्या होत्या.

आमच्याकडे अशा नर्सला खुणेची म्हणतात. म्हणजे हिच्या अंगावर कुठंतरी झाकलेल्या जागी जन्मखूण आहे आणि हिच्या पाळीत माणसं मरतात. थट्टेत म्हणतात, एरवी. पुरिंगने ते थट्टेत म्हटलं नाही. पुरिंग आमची मुख्य नर्स, सगळ्या तिला मानांग म्हणायचो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात जपमाळ, आवाज एकदम मऊ. ती कधी ओरडली नाही. ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं.

"इंदाय, तू आपली बाहेर जेव हं," ती म्हणाली, इंदाय म्हणजे पोरी. "राग मानू नकोस. आमच्या घरी माणसं आहेत गं."

तेव्हापासून जेवायच्या खोलीत मला बंदी. मी जनरेटरच्या शेडच्या पायरीवर बसून जेवायचे. अंगभर घालायचे पांढरे सूट आले की माझ्या वाट्याला उसवलेला यायचा. आणि कुणी गेलं की, कुणाच्याही पाळीत गेलेलं असो, पुसायचं, गुंडाळायचं, पिशवीत घालून चेन ओढायची, ते काम माझं.

"जेर्लिनला त्या बेडपाशी उभं करू नका गं," रोवेना माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणायची, "आत्ताच चादर बदललीय मी."

हसायच्या सगळ्या. हसून झालं की मानांग म्हणायची, "पुरे गं, तिलाही मन आहे." हे मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागायचं.

३

आणि मग एका दुपारी रोवेना माझ्या दारात उभी राहिली. हातात गरम पावांची कागदी पिशवी.

"काय गं, आत नाही बोलावणार?"

मी इतकी गोंधळले की ओला टॉवेल डोक्यावर तसाच ठेवून तिला आत घेतलं. तिने चळतीतली एक लाल खुर्ची ओढली आणि गुडघे हनुवटीला लावून बसली. निनिंग कशी आहे विचारलं. आई कशी आहे विचारलं. पाव खाल्ला, उठली, मांडीवरचा चुरा झटकला, आणि गेली.

दोन-तीन दिवसांनी दुसरी आली. मग मानांग स्वतः आली, चष्मा पुसत. तिने वर्गात चौफेर पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे की. हवेशीर."

"मानांग, चहा ठेवू?"

"नको गं, पाच मिनिटं टेकते नुसती."

मला काय आनंद झाला होता, ते सांगायला आता लाज वाटत नाही. कितीतरी दिवसांत माझ्यासमोर मास्क काढून कुणी खाल्लं नव्हतं. मी निनिंगला सांगितलं, ममाला मैत्रिणी मिळाल्या. मी येणाऱ्यांसाठी एक खुर्ची पुसून वेगळी ठेवायला लागले. त्या यायच्या, बसायच्या, पाव खायच्या, चुरा झटकायच्या आणि निघून जायच्या. जाताना एकही मागे वळून बघायची नाही. मला ते खटकलं होतं, पण मैत्रिणींचं असं काय काय मनावर घ्यायचं!

४

आधी आवाज आला. बुडबुड बुडबुड, सावकाश, न थांबता. मी तांदूळ निवडत होते. हात थांबला.

नर्सला तो आवाज झोपेतही कळतो. ऑक्सिजनच्या नळीखाली पाण्याची बाटली असते, पेशंटच्या उशाशी, तिच्यातून हवा जाते तेव्हा असा आवाज येतो. वॉर्डात दिवसभर तो चालूच असतो. म्हणजे माझ्या कानात बसलाय, मी स्वतःला सांगितलं. तरी उठून नळ पाहिला. मोरीची जाळी पाहिली. बाहेर जाऊन गटार पाहिलं. गटार कोरडं होतं. मी आत आले तर आवाज खाटेच्या उशाशी होता. मग नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर रोवेनाने ओढलेली ती लाल खुर्ची खाटेसमोर होती. मी ती चळतीत घातली होती. निदान मला तसं वाटत होतं. थकलेल्या माणसाला काय वाटतं याला काही अर्थ नाही, हे मी स्वतः पेशंटच्या नातेवाइकांना सांगते. मी खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि ड्युटीला गेले.

तिसरी गोष्ट मात्र मला अशी झटकून टाकता आली नाही.

आमच्या वॉर्डात अमादो नावाचा म्हातारा होता. मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळण्यात जन्म गेलेला. सगळ्या त्याला लोलो म्हणायचो, आजोबा. त्याला तोंडाने काही मागणं कमीपणाचं वाटे. पाणी हवं असलं की लग्नाच्या अंगठीने खाटेची दांडी वाजवायचा. टक, टक. मग जरा थांबून, टक. "आले लोलो, आले, जहाज बुडत नाहीये," असं मी ओरडायचे आणि तो मास्कच्या आत हसायचा.

तो गेला तेव्हा माझी सुट्टी होती. मानांगच्या पाळीत गेला. त्या दुपारी मानांग माझ्याकडे आली होती, मसाला घातलेला सॉसेज आणि पाव घेऊन, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली होती. लोलो गेल्याचं तिने मला सांगितलंही नाही, ते मला नंतर ड्युटीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमाराला माझ्या खाटेची पायाकडची दांडी वाजली. टक, टक. मग जरा थांबून, टक.

मी पाय पोटाशी ओढून घेतले. पायाकडे पाहिलं नाही. फळ्याखालच्या म्हशीकडे पाहत राहिले. डोक्यात एक शहाणी बाई बोलत होती: लोखंड थंडीने आकसतं, पत्र्यावर मैना बसते, वरून काजू पडतो. आणि माझे हात मात्र, त्या बाईला न विचारता, पेल्यात पाणी ओतत होते. पेला मी पिवळ्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "आले लोलो."

उजेड झाल्यावर पाहिलं तर पाणी जसंच्या तसं होतं. त्याने मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी मात्र दोन दिवस तो पेला हलवू शकले नाही.

५

त्या आठवड्यात वॉर्डात कोणी गेलं नाही. चक्क कोणी नाही. आणि माझ्याकडेही कोणी आलं नाही.

सूट उतरवायच्या जागी रोवेना हात धूत होती. मी सहज विचारलं, "काय गं, आली नाहीस इतक्यात? मी खुर्ची पुसून ठेवते रोज."

"अगं पण आता कोणी गेलंच नाही ना," ती म्हणाली आणि साबण हातातच राहिला तिच्या.

मला समजायला तेवढं पुरे होतं. मयताहून थेट घरी यायचं नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही, सगळे तसे वागतात. वाटेत कुठंतरी टेकायचं. बेकरीत, खानावळीत, कुठंही. चार घास खायचे, अंग झटकायचं, मग घर गाठायचं. मेलेलं माणूस मागे लागून आलेलं असतं, ते तिथंच राहतं. माझी आई नेहमी बाजारातल्या बेकरीत टेकायची, मला गोड बन घेऊन द्यायची. मला तो बन आवडायचा, म्हणून मयत आवडायचं. त्या बेकरीवाल्याचं पुढे काय होतं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मी तशीच ओल्या हातांनी मानांगपुढे जाऊन उभी राहिले.

"मानांग, माझी खोली म्हणजे बेकरी आहे का?"

ती आधी दचकली. मग चष्मा काढून पुसायला लागली.

"हळू बोल इंदाय. बेकरीत बसू देतात का आता? चर्चला कुलूप. खानावळी बंद. नर्स दिसली की दुकानदार शटर ओढतो. मग मयताच्या उशाशी बसून उठायचं आणि सरळ घरी जायचं? माझा नातू दीड महिन्याचा आहे. टाळू भरली नाही अजून त्याची."

"म्हणून माझ्या दारात आणून सोडायचं?"

"सोडायचं काय गं? टेकायचं. आणि रिकाम्या हाताने आलो का कधी? पाव आणत होतो ना?" तिने माझ्या बाहीवरच्या पांढऱ्या डागावर बोट फिरवलं, आईने फिरवावं तसं. "तुझं इथं आहे कोण? आणि तू तर आधीच तशी आहेस. तुला आणखी काय चिकटणार आहे?"

मला तिच्या कानाखाली वाजवायची होती. मी हात पाठीमागे बांधून धरले. तिने ते पाहिलं आणि पुढचं फार सावकाश बोलली.

"होड्या सुरू होणारेत असं ऐकते. सुटल्या की पहिली सुट्टी तुझी. मी स्वतः सही करते. पण तोवर हे वर कुणाला कळलं, तर मग मला आठवावं लागेल शेवया कोणी आणल्या होत्या ते. साहेबांना माणूस हवाच आहे एक, बोट दाखवायला."

निनिंग पलीकडे होती. मी हो म्हणाले.

६

मग त्या उघडपणे येऊ लागल्या. आता निनिंगची चौकशी नाही, आईची नाही. दार वाजायचं, आत यायच्या, बसायच्या, झटकायच्या, जायच्या. रोवेना एकदा नुसती उंबऱ्यातच टेकली, म्हणाली, "आज दोघं आहेत गं, सॉरी," आणि पिशवी ठेवून पळाली. पाव मी खात नव्हते. मांजरांना घातला तर मांजरं यायची बंद झाली.

कोपऱ्यातली खुर्च्यांची चळत कमी होत गेली. मी रचायचं सोडून दिलं. ड्युटीवरून यावं तर आणखी एखादी खुर्ची वर्गात मांडलेली असे. ओळीत नाही, आपापल्या अंतराने, आणि सगळ्यांची तोंडं खाटेकडे. वॉर्डात पेशंट नर्सच्या टेबलाकडे तोंड करून पडतात, नजर कधी आपल्याकडे वळते याची वाट बघत, तशी. मी मधून वाट काढत खाटेपर्यंत जायचे. धक्का लागला तर "माफ करा" म्हणायचे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी स्वतःवरच चिडले. नंतर सवय झाली.

त्या खुर्च्यांवरच्यांनी मला काही केलं नाही. हेही सांगायला हवं. बुडबुड चालायची, कधी खोकल्याची उबळ अर्ध्यात तुटायची, कधी टक टक. यांच्यापैकी कुणाचंच माणूस शेवटी जवळ नव्हतं. आम्ही येऊ दिलं नव्हतं. जवळ असलेला शेवटचा माणूस म्हणजे पांढऱ्या सूटमधली कुणीतरी, आणि तीही पाव देऊन यांना इथं ठेवून गेलेली. मला त्यांची दया यायची आणि त्याच वेळी मी भिंतीला पाठ घट्ट लावून झोपायचे.

खरी भीती वेगळीच होती. मी घरी जाणार होते. आमच्या घराला एकच खोली आहे. निनिंग दाराकडे तोंड करून झोपते.

७

होड्या सुटल्या. मानांगने शब्द पाळला, सही केली, वर माझ्या खांद्यावर थोपटलं. "जा, पोरीला भेट. चार दिवसांत परत ये हं. वाट बघतो."

सकाळी मी अंघोळ करून घरचे कपडे घातले. बॅगेत निनिंगसाठी रंगपेटी आणि बिस्किटाचा डबा; सुका आंबा घेतला नाही, आंबा तिथलाच असतो. कुणाकडे न बघता दारापर्यंत गेले. बाहेर येऊन कुलूप लावलं. आणि आत खुर्च्या सरकल्या. एक नाही, सगळ्या, एकदम. वर्गात बाई आल्या की पोरं उठून उभी राहतात तेव्हा होतो तो आवाज.

मी चालायला लागले. पळाले नाही. पळून काय होणार होतं?

कुठंतरी टेकायचं, एवढंच डोक्यात होतं. पाच मिनिटं, कुठंही. चर्चच्या फाटकाला दोर बांधलेला, पहारेकरी लांबूनच हात हलवत होता, नाही, नाही. बेकरीसमोर पिवळी पट्टी. मुलगा वेळूच्या काठीला पिशवी अडकवून पाव देत होता. मी म्हटलं, "बाळा, पायरीवर बसून खाऊ का? दोनच घास."

त्याने माझे पांढरे बूट पाहिले. हॉस्पिटलचे बूट. "हॉस्पिटलवाल्या का? पुढे व्हा ताई, मालक ओरडतील."

औषधांच्या दुकानातली बाई तर काउंटरमागून स्प्रेची बाटलीच धरून उभी राहिली. भाड्याची जीप थांबली, ड्रायव्हरने बूट पाहिले, निघून गेली. मी धक्क्यापर्यंत चालत गेले. उन्हाने डोकं तापलं होतं, पण पाठ गार होती.

८

धक्क्यावर नोंग दादोची होडी होती, नोंग म्हणजे थोरला भाऊ. मी शाळेत असल्यापासून त्याच्या होडीने ये-जा करते. बाकांवर एकाआड एक लाल फुल्या मारलेल्या. त्याने मला ओळखून हात वर केला, आणि वर केलेला हात तसाच राहिला.

"एवढी माणसं नाही घेता यायची, इंदाय," तो म्हणाला. "अर्धीच भरायचा हुकूम आहे."

मी हसले. धक्क्यावर मी होते आणि दूर तिकिटाच्या खिडकीशी एक शिपाई डुलक्या घेत होता.

"नोंग, मी एकटीच आहे."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, मग आणखी मागे, रस्त्याच्या वळणापर्यंत. मग टोपी काढून छातीशी धरली.

"हॉस्पिटलातून थेट आलीस?"

"कुठं टेकू, नोंग? कुणी दारात उभं करत नाही मला." मला रडू फुटलं. "तुमच्या होडीतच पाच मिनिटं बसू द्या ना. नुसती बसते."

 वेळूने धक्का रेटून त्याने होडी हातभर मागे घेतली. रागाने नाही. तो शरमला होता.

"चारला आणखी एक खेप आहे," तो खाली बघत म्हणाला. "टेकून ये कुठंतरी. मी तुझ्यासाठी थांबतो. शब्द देतो."

फोन वाजला. निनिंग.

"ममा, आम्ही इकडच्या धक्क्यावर आलोय! आजीने छत्री आणलीय आणि मी नवीन फ्रॉक घातलाय. तू होडीत बसलीस?"

"बसतेय गं. पुढच्या होडीत."

"ममा, बुडबुड कसली वाजतेय?"

"समुद्र आहे बाळा."

मी फोन ठेवला आणि धक्क्यावरच्या बाकावर बसले. अगदी कडेला. का ते मलाच नंतर कळलं. मी जागा करून दिली होती.

मी उरलेलं आयुष्य या बाकावर काढू शकत होते. बालवाडीत परत जाऊ शकत होते, कुलूप काढून, आले हो, म्हणून. ते मला सोपंही गेलं असतं. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. मला वाटलं निनिंगच.

"इंदाय," मऊ आवाज म्हणाला, "खोलीला कुलूप कसं गं?"

"सुट्टीवर आहे ना मी, मानांग. तुम्हीच सही केलीत."

"अगं हो की. विसरलेच बघ." मागे कुणीतरी कुजबुजत होतं, रोवेना असावी. "मग चावी कुठे ठेवलीस? कुंडीखाली का? नाही म्हणजे, आज तिघं गेले गं सकाळपासून. आम्ही सगळ्या इथं दारात उभ्या आहोत. पाव पण आणलेत."

चावी माझ्या मुठीत होती. कधी धरली होती कोण जाणे. तळव्यावर तिचा वळ उठला होता.

इतके महिने मी एकाच खोलीबाहेर जेवले होते. तिथं पंखा आहे, लांब टेबल आहे, भिंतीला सोफा आहे. पाच मिनिटं टेकायला उत्तम जागा. आणि तिथून उठून जाताना मागे वळून बघायचं नसतं, ते तर त्यांनीच मला शिकवलं होतं.

"मानांग, दारात कशाला ताटकळता," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका मऊ होता. "जेवायच्या खोलीत बसा सगळ्या. मी येते. आज आपण एकत्र खाऊ."

मागची कुजबूज थांबली. मग फार बारीक आवाजात म्हणाली, "एकटीच येतेस ना गं?"

मी बाकावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"जेर्लिन. घरी तान्हं आहे गं माझ्या."

"माझी पलीकडे धक्क्यावर उभी आहे, मानांग. नवीन फ्रॉक घालून."

मी उठले, बॅग नोंग दादोच्या हवाली केली, आणि आले त्या रस्त्याने परत निघाले. औषधवालीने पुन्हा बाटली उचलली. बेकरीतल्या पोराने पट्टी आणखी बाहेर ओढली. समोरून येणारी माणसं माझे बूट बघून नेहमीसारखी दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटली, तोंड फिरवून, श्वास धरून. भर दुपारी अख्खा रस्ता मोकळा झाला. आज मला त्यांचा राग आला नाही. आम्हाला तेवढी जागा लागणारच होती.